रन दाबल्यावर काहीच येत नाही

४ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

फोन करू नकोस म्हणालास. पत्राबद्दल काही बोलला नव्हतास, म्हणून लिहिते आहे. घाबरू नकोस, रडारड नाही यात. एक अडचण आली आहे आणि माझ्या ओळखीत ती कळणारा माणूस तू एकटाच आहेस.

बाबांचा लॅपटॉप मी कपाटातून काढला. तीन वर्षं स्वेटरांखाली पडून होता. वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गाला देऊन टाकावा असं मनात होतं, शेवटच्या वर्षी ते तिथेच जायचे ना. द्यायच्या आधी आत काय काय आहे ते पाहू म्हणून उघडला, तर त्यात त्यांनी स्वतः लिहिलेली एक स्क्रिप्ट सापडली. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा आणि रिमोटचे सेल बदलायला मला हाक मारणारा माणूस, त्याने प्रोग्रॅम लिहिला! मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाची फाइल असेल. पण मध्येमध्ये त्यांनी मराठीत टिपणं लिहिली आहेत आणि ती सगळी लिफ्टवाल्याची आहेत. ‘इथे वजन तपास’, ‘दार बंद, आतल्या माणसाने बटण दाबेपर्यंत हलायचं नाही’ वगैरे. म्हणजे तेच.

तर अडचण अशी. एडिटरमध्ये ती फाइल उघडते. वर कोपऱ्यात रनचा त्रिकोण आहे तो दाबते. खाली एक पट्टा उघडतो, त्यावर आउटपुट असं लिहिलेलं आहे. त्यात फाइलचं लांबलचक नाव येतं आणि मग काही नाही. चूक झाली असंही म्हणत नाही. पुन्हा दाबलं की म्हणतो, आधीच चालू आहे. अरे, चालू आहेस तर दाखव ना! ताकास तूर लागू देत नाही.

मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तू तेच पुन्हा सांगणार नाहीस. चौतीस वर्षं रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, हरवलेला नमुना शोधणं मला नवीन नाही. मूळ नमुन्याला हात लावायचा नाही हा माझा नियम तुला माहीत आहेच. म्हणून आधी फाइलची प्रत केली आणि जे करायचं ते प्रतीवर केलं. बाबांच्या वर्गाच्या पुस्तकात बघून प्रतीच्या पहिल्याच ओळीत ‘नमस्कार’ छापायला सांगितलं. सेव्ह केलं. रन दाबलं. नमस्कारसुद्धा आला नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. खालचा पट्टा बंद करून उघडला. चौदा वेळा केलं, नोंद ठेवली आहे.

मी आता त्या वर्गाला जायला लागले आहे. वेळ जात नाही म्हणून, दुसरं काही कारण नाही. तुला वेळ असेल तर दोन ओळी लिही. नसेल तरी हरकत नाही.

आई


१२ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

उत्तर आलं नाही. पत्र पोचायलाच तीन आठवडे लागतात, त्यामुळे मी ते अजून मनाला लावून घेतलेलं नाही.

पहिली चूक सापडली आणि ती माझी निघाली. वर्गातल्या बाई वयाने तुझ्याहून लहान आहेत, पण मान वाकडी करून पडद्याकडे बघायला लागल्या की आमच्या जुन्या मोठ्या डॉक्टरांची आठवण येते. त्यांनी मला एकदा रन दाबायला लावलं, खाली आलेलं ते लांबलचक नाव बोटाने वाचलं आणि म्हणाल्या, “काकू, तुम्ही लिहिताय एका फाइलमध्ये आणि चालवताय दुसरीच.”

“मी प्रत उघडली आहे,” मी म्हटलं.

“उघडली प्रत आहे. पण काकांनी हे बटण त्यांच्या फाइलला बांधून ठेवलंय. तुम्ही काहीही उघडा, ते चालवणार मूळचीच. तुमचा नमस्कार बिचारा ज्या फाइलमध्ये आहे ती एकदाही चाललेली नाही.”

एका नळीवर चिठ्ठी लावायची आणि यंत्रात दुसरीच नळी घालायची, यावरून मी किती मुलींना फैलावर घेतलं असेल! बाईंना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दचकले. मग बाईंनी बटण सोडवून दिलं आणि प्रत चालली. खाली ‘नमस्कार’ आलं. मी वर्गात टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र पुन्हा काही नाही.

आता तुला एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं की लॅपटॉपवर फाइल सापडली. ती नुसती सापडली नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव ‘ठोंब्यासाठी’ असं आहे. बाजूला आणखी एक फाइल आहे, तिच्यात तीन पानं नुसती अक्षरांची खिचडी, एक शब्द लागत नाही. तारखा पाहिल्या तर सगळं शेवटच्या चार महिन्यांतलं आहे.

तू म्हणशील, हिला लपवायची सवयच आहे. म्हण. तू बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलास आणि कपाटात मृत्यूच्या दाखल्याची कागदपत्रं शोधताना तुला तो रक्ताचा रिपोर्ट मिळाला. तारीख चार महिन्यांपूर्वीची आणि खाली तपासणाऱ्याची सही माझी. तुझा चेहरा मला अजून दिसतो. मी म्हटलं, तुला कळवायचं नाही असं बाबांनीच सांगितलं होतं. तू म्हणालास, “तू कधीपासून त्यांचं ऐकायला लागलीस?” आणि संध्याकाळच्या विमानाने गेलास.

त्याबद्दल मला आज काही लिहायचं नाही. मला फक्त ती स्क्रिप्ट काय दाखवते ते बघायचं आहे.

आई


२१ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

ती बिघडलेली नाही.

काल बाई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, “काकू, तो वरचा चौकोन बघा. लाल आहे ना अजून? काम संपलं की तो विझतो. हा विझतच नाहीये. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम संपलेला नाही, तो थांबलाय.”

“कशासाठी?”

“कुणीतरी काहीतरी टाइप करावं म्हणून. आणि या पट्ट्यात टाइप करताच येत नाही, इथे फक्त वाचायचं. शेजारच्या टॅबमध्ये चालवायला हवं, टर्मिनलमध्ये.”

टर्मिनलमध्ये चालवलं. आधी नमस्कार आला, आणि त्याच्या खाली एक छोटी उभी रेघ लुकलुकायला लागली. बस्स. बाबांनी प्रश्नच लिहिला नव्हता. मी म्हटलं, नाव टाका, शब्द टाका, असं काहीतरी विचारायला नको का? बाई म्हणाल्या, “मी शिकवलं होतं त्यांना. ते म्हणाले, ज्याच्यासाठी आहे त्याला विचारावं लागणार नाही.” मग ‘दार बंद, आतल्या माणसाने बटण दाबेपर्यंत हलायचं नाही’ हे टिपण मी पुन्हा वाचलं. इतके दिवस मी ते लिफ्टचं समजून सोडून देत होते.

त्याच्या खाली आणखी एक टिपण आहे, जसंच्या तसं उतरवते: ‘आम्ही दोघं सातव्या मजल्यावर अडकलो तेव्हा तो जे ओरडत होता ते. तिला माहीत नाही.’

ती म्हणजे मी. मला आठवतं ते इतकंच की तू पाच वर्षांचा होतास, ते तुला कामावर घेऊन गेले आणि त्यांनीच दुरुस्त केलेली लिफ्ट बंद पडली. पाऊण तासाने बाहेर आलात तेव्हा दोघंही हसत होतात. काय झालं विचारलं तर एकमेकांकडे बघून पुन्हा हसलात. मला त्या दिवशी तुमचा राग आला होता.

बरोबर शब्द टाकला की बाजूच्या फाइलमधली ती खिचडी सुटून वाचता येणार, असं बाई म्हणाल्या. खरं सांगते, मी प्रयत्न केला. घरी बसून एकोणीस शब्द टाकले. ‘वाचवा’, ‘उघडा’, ‘बाबा’, ‘भूत’, तुझ्या त्या लाकडी घोड्याचं नाव. ‘आई’सुद्धा टाकून पाहिलं. नाही उघडलं. थोडं वाईट वाटलं.

बाई म्हणतात ते कुलूप साधं आहे, त्यांनीच शिकवलेलं. “शब्द नसला तरी मी तासाभरात फोडून देते काकू.” मी म्हटलं, थांबा, आठवडाभराने सांगते. त्यांना वाटलं मी थकले. मी थकले नव्हते. मला भीती वाटली.

आई


५ मार्च

प्रिय ठोंब्या,

या पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे. त्यावर तो फोल्डर आहे तसा उतरवला आहे, मूळ फाइल, प्रत नाही. मी बाईंना कुलूप फोडू दिलं नाही. आत काय आहे ते मला माहीत नाही आणि हे तू मानलंस तर बरं.

भीती कसली वाटली ते लिहायला मला बारा दिवस लागले. आज लिहिते.

बाबांनी मला तसं काहीही सांगितलं नव्हतं. तुला कळवायचं नाही हे मी ठरवलं. एकटीने. नंतर तू रिपोर्ट हातात धरून उभा होतास तेव्हा तोंडाला आलं ते बोलले, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर खपवलं. तू विश्वास ठेवला नाहीस, तुझं बरोबर होतं.

तुझी नवी नोकरी, सहा महिने सुट्टी नाही, कागदपत्रं अर्धवट, हे सगळं मी स्वतःला सांगत होते. खोटं नव्हतं ते, पण कारण ते नव्हतं. कारण हे की पहिल्यांदा ते मी पाहिलं. काचपट्टी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली होती. पांढऱ्या पेशी बघितल्या, रक्ताच्या कर्करोगातल्या, आणि मला वाटलं नमुना बदलला असेल, म्हणून चिठ्ठी तीनदा वाचली. त्यांचंच नाव होतं. तू आला असतास तर ते खरं झालं असतं. तू येत नव्हतास तोवर आमच्या घरात एक माणूस जरा आजारी होता, एवढंच. मला अजून थोडे दिवस तसं राहायला हवं होतं, आणि त्यासाठी मी तुझे चार महिने घेतले.

या फाइलमध्ये त्यांनी हेच लिहिलं असेल असं मला वाटतं. मी त्यांना तुझ्याशी बोलू दिलं नाही म्हणून त्यांनी माझ्यापासून लपवून, माझ्याच शेजारी पलंगावर बसून, तुझ्यासाठी लिहिलं. मी विचारायचे, काय करताय? ते म्हणायचे, गृहपाठ. लॅपटॉप विकून टाकता आला असता, फाइल पुसता आली असती. दोन्ही मनात येऊन गेलं. पण त्यांनी तुला जे सांगायचं ठरवलं ते मी एकदा अडवलं, पुन्हा नाही अडवणार.

तुला सगळं येतं हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते. आउटपुटच्या पट्ट्यात चालवू नकोस, शेजारच्या टर्मिनलमध्ये चालव. काहीही दिसणार नाही. बंद पडलंय असं समजून बंद करू नकोस, नुसती रेघ लुकलुकत राहील. मग तुझा तो शब्द टाक आणि एंटर दाब. तो शब्द मला कळवायची गरज नाही.

जे निघेल ते तुझं आहे. मला सांगायलाच हवं असं नाही.

आई


८ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

तुझं पाकीट काल आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच गचाळ आहे.

बाबांचं तू छापून पाठवलंस ते मी जिन्यातच उभी राहून वाचलं. तीन पानं. त्यात तुझ्या पहिल्या सायकलचं आहे, माझ्या घोरण्याचं आहे (हे त्यांनी लिहायला नको होतं), कुठल्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये कधीही पाय ठेवू नये याची यादी आहे. आणि शेवटी ते, ज्याच्या खाली तू पेनने रेघ मारली आहेस:

‘तुला कळवायचं नाही हे मी ठरवलं. आई रोज भांडत होती, फोन करू द्या म्हणत होती. मीच करू दिला नाही. आयुष्यात तिने माझं ऐकलं असं हे एकदाच. तिच्यावर रागावू नकोस.’

आणि त्याखाली तू लिहिलंस: ‘आई, मला माफ कर. तू खरं बोलत होतीस आणि मी तीन वर्षं तुला एकटं टाकलं. ५ मार्चच्या पत्रात सगळं स्वतःवर का घेतलंस? माझ्या मनात बाबांबद्दल राग राहू नये म्हणून ना? मी २४ तारखेला येतोय. तिकीट काढलंय.’

तू मला ‘आई’ म्हटलंस तो कागद मी कितीदा उघडला ते मोजलेलं नाही. काल दुपारी घर झाडलं, तुझी खोली उघडली, गादीला ऊन दिलं. बाईंचा फोन आला, म्हणाल्या, “उघडलं का हो काकू?” मी म्हटलं, उघडलं. त्या म्हणाल्या, “मग? चांगलं निघालं ना?” मी म्हटलं, फार चांगलं.

ठोंब्या, बाबा खोटं बोलले आहेत.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी तो त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, काही कळलं नाही म्हणून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं. पहिलं वाक्य ते बोलले ते असं: “त्याला आज फोन कर. आज नाही केलास तर उद्या तुझा धीर होणार नाही.” मी म्हटलं, उद्या करते.

त्यानंतर भांडण व्हायचं ते खरं, पण भांडायचे ते. रोज सकाळी चहा झाला की, “केलास का?” मी म्हणायचे, त्याला सुट्टी मिळू दे. मग त्यांचं वर्गाला जाणंही थांबलं तेव्हा मी त्यांचा मोबाइल चार्जिंगला म्हणून स्वयंपाकघरात ठेवायला लागले, कारण त्यांना तिथपर्यंत चालवत नव्हतं. दर रविवारी तुझा फोन यायचा तेव्हा मी तो स्पीकरवर लावून त्यांच्या शेजारी बसायचे. ते माझ्याकडे बघायचे. मी नाही म्हणून मान हलवायचे. मग ते तुला विचारायचे, तिकडे थंडी किती आहे? तुला आठवत असेल, ते सारखं हवामानच विचारायचे. तू एकदा हसून म्हणालासही की बाबा आता वेधशाळेत लागले. मी पण हसले होते.

त्यांना माहीत होतं की तुला एक दिवस कळणार आणि तू माझ्यावर तुटून पडणार. मी त्या वेळी काय बोलेन हेही त्यांनी ओळखलं असणार, बेचाळीस वर्षं ओळखत होते मला. म्हणून मी जे खोटं बोलणार होते ते त्यांनी आधीच लिहून, कुलूप लावून, तुझ्यासाठी ठेवून दिलं. ज्या बायकोने त्यांना मुलाशी बोलू दिलं नाही तिला वाचवण्यासाठी. काल मला त्यांचा इतका राग आला की ते समोर असते तर भांडले असते, आणि मग ते समोर नाहीत म्हणून रडले.

हे मी घेऊ शकत नाही. घेतलं तर तू येशील, मला जवळ घेशील, माफी मागशील, आणि मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून आणखी एकदा तुला फसवीन. मला तू हवा आहेस रे. फार हवा आहेस. पण माफी तू मागायची नाहीस.

आता तिकिटाचं काय करायचं ते तू ठरव. २४ तारखेला मी विमानतळाच्या दाराशी उभी असेन. तू दिसला नाहीस तर बसने घरी येईन, रुसणार नाही.

एक शेवटचं. पोस्टात खिडकीवरच्या माणसाने विचारलं, साध्या टपालाने की जलद? साधं तीन आठवड्यांनी पोचतं, म्हणजे तू इथे येऊन पोचल्यावर. मी बाजूला बाकावर जाऊन बसले. माझ्या मागची सहा माणसं आपली कामं उरकून गेली, खिडकीवाला दोनदा माझ्याकडे बघून गेला. हे शेवटचं मी त्याच बाकावर लिहिते आहे. तो आता जेवायला खिडकी बंद करायच्या बेतात आहे, म्हणून उठते आणि जलद टपालाने देते. चार दिवसांत तुझ्या हातात पडेल.

आई